वेरूळजवळचा व्हॉल्व्ह आणि मासळी खातं

वेरूळजवळच्या एका गावात मी पाण्याच्या लाइनीचा व्हॉल्व्ह फिरवला आणि त्याचं चाक माझ्या हातात आलं. मी मासळी खात्यात आहे. नोकरी रत्नागिरीला. त्या गावापासून समुद्र इतका लांब आहे की तिथल्या मांजरांनाही मासळीबद्दल फक्त ऐकीव माहिती असावी. मग तिथे तुमचं काय काम होतं, असं मला कार्यालयानेही विचारलं आणि बायकोनेही. कार्यालयाला मी खुलासा दिला. बायकोने खुलासा वाचून कपाळाला हात लावला. तेव्हा म्हटलं, सविस्तरच लिहावं.

गावाचं नाव मात्र लिहीत नाही. तिथल्या सरपंचबाईंनी तशी ताकीद दिली आहे. "नाव कुटं छापू नका. लोकं लेणी सोडून व्हॉल्व्ह बगायला यायचे."

शहरात

निमित्त प्रशिक्षणाचं. विषय, सरकारी खात्यांमधलं नेतृत्व आणि समन्वय. मुक्काम छत्रपती संभाजीनगरला. आता प्रशिक्षणाला माणूस पाठवण्याची सरकारात एक रीत आहे. ज्याच्या नसण्याने काहीच अडणार नाही असा माणूस शोधून पाठवतात. आमच्या कार्यालयाला शोधायला फार वेळ लागला नाही. सभागृहात जाऊन पाहतो तर राज्यभरातून असेच निवडक लोक जमलेले. रेशीम, मुद्रांक, वजनमापं, पशुसंवर्धन, ग्रंथालयं. माझ्या खोलीतला सोबती रेशीमवाला होता, तांबे नावाचा. पिशवी ठेवता ठेवताच म्हणाला, "मी घोरतो. पण तुम्हाला झोप लागल्यावर घोरतो, म्हणजे तुम्हाला त्रास नाही."

नेतृत्व माणसाकडे कसं चालून येतं यावर प्रशिक्षक बाई खूप छान बोलल्या. माझ्याकडे ते एसीमुळे आलं. एसीचा झोत नेमका माझ्या टकलावर येत होता, म्हणून मी हात वर केला. त्याच क्षणी बाई म्हणत होत्या, "मग गटप्रमुख व्हायला कोण तयार आहे?" भर सभेत हात वर करू नये हे सरकारी नोकराला पहिल्या आठवड्यात कळतं. बाकीच्यांना कळलेलं होतं. प्रश्न आल्याबरोबर सगळे माना खाली घालून पेनांची टोपणं तपासायला लागले होते. अख्ख्या सभागृहात माझा एकच हात वर. टाळ्या झाल्या. एसी तसाच राहिला.

मग डोळ्यांना पट्टी बांधून सगळ्यांनी मिळून दोरीचा चौकोन करायचा, असा खेळ झाला. नेतृत्व मी केलं. चौकोन झाला नाही, आणि मुद्रांकवाल्या बाई कुंडीत बसल्या.

संध्याकाळी आमच्या बसचे ड्रायव्हर शब्बीरभाई मला आणि तांब्यांना जुन्या शहरात घेऊन गेले. ह्या शहराची एक गंमत आहे. रस्त्याच्या मधोमध दरवाजे उभे आहेत. आजूबाजूला भिंत नाही, नुसता दरवाजा, आणि त्याच्या पोटातून, बाजूने रिक्षा, हातगाड्या, वऱ्हाडं सगळं चाललेलं. आमच्या कोकणात भर रस्त्यात म्हैस बसली की तिला वळसा घालतात. इथे इतिहासाला वळसा घालतात, आणि म्हशीसारखाच तोही कुणाकडे बघत नाही.

नानखलिया खाल्ला. खलिया म्हणजे मोठ्या देगेत शिजलेलं मटण, वर लाल तर्री तरंगणारी. आणि नान म्हणजे हळदीच्या रंगाची, तव्याएवढी, मऊ उशी. मी कोकणी माणूस. दोन घास झाल्यावर सवयीने विचारलं, "भात आहे का?" पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. शब्बीरभाई हळूच म्हणाले, "साब, चावल नक्को बोलो. नान कू बुरा लगता." मग नानला वाईट वाटू नये म्हणून मी आणखी एक नान खाल्ला आणि रात्री तांब्यांचं घोरणं पहिल्या सुरापासून ऐकलं.

वेरूळ

दुसऱ्या दिवशी बस वेरूळला. दौलताबादचा किल्ला डावीकडे ठेवून घाट चढलो. थंडीचे दिवस, शेतांत मका खुडून झालेला, कापसाची शेवटची बोंडं तेवढी झाडांवर उरलेली. आमच्याकडे हिरव्याशिवाय रंग नाही. इथे जमीन काळी, गवत पिवळं, डोंगर चॉकलेटी, आणि आकाश काही कामच नसल्यासारखं निळं.

कैलास लेण्यासमोर प्रशिक्षक बाईंनी आम्हाला उभं केलं. म्हणाल्या, "हे वरून खाली कोरलंय. पिढ्या बदलल्या, कारागीर बदलले, पण वरच्याने खालच्याच्या डोक्यावर दगड टाकला नाही. समन्वय म्हणतात तो हा."

तांबे म्हणाले, "त्या काळी बदल्या नसतील हो."

पुढच्या लेण्यांकडे मी गटाला नेणार होतो. गटप्रमुख मीच. "माझ्या मागे या," म्हटलं आणि सरळ एका अंधाऱ्या दालनात शिरलो. सगळे आले. दालन संपलं तिथे भिंत होती आणि भिंतीवर वटवाघळं होती. वाट चुकल्याचं तोंडाने सांगायचं तर नेतृत्व जातं, म्हणून मी वटवाघळांबद्दल माहिती सांगायला लागलो. मला वटवाघळांबद्दल काहीही माहिती नाही. पशुसंवर्धनवाले शेवटपर्यंत मान डोलावत होते, त्यामुळे त्यांच्याबद्दलही मला शंका आली.

बाहेर आल्यावर शब्बीरभाईंनी विचारलं, "क्या देखे साब अंदर?"

"समन्वय," तांबे म्हणाले. "उलटा टांगलेला."

गावात

तिसरा दिवस क्षेत्रभेटीचा. वेरूळहून आत जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या गावात समन्वयाचा अभाव अगदी नमुनेदार होता, म्हणून बाईंनी ते निवडलेलं. आम्ही अभाव पाहायचा, चर्चा करायची, पलीकडच्या वस्तीत जेवायचं आणि परत यायचं, असा कार्यक्रम.

सरपंच सुमनताई रस्त्याच्या कडेलाच उभ्या होत्या. डोक्यावर पदर, पायात पळायचे बूट. आम्ही उतरेपर्यंतही त्या थांबल्या नाहीत. "हे बगा. हिकडं पाणी. तिकडं माणसं. मधी डांबर."

खरंच तेवढंच होतं. पाण्याची टाकी अलीकडच्या टेकाडावर. तिचा पाइप रस्त्यापर्यंत येऊन थांबलेला, तोंडाशी व्हॉल्व्ह. पलीकडे तोच पाइप पुन्हा सुरू होऊन वस्तीत गेलेला, घरोघर नळ बसलेले, एका नळावर तर हळदकुंकूसुद्धा वाहिलेलं. मधला, रस्त्याखालचा तुकडा तेवढा नव्हता. पाण्याचं खातं म्हणे, रस्ता खणू द्या. रस्त्यांचं खातं म्हणे, नवं डांबर आहे, विजेचा खांब हलवून घ्या आणि कडेने काय ते करा. विजेचं खातं म्हणे, खांब हलवतो, पण आधी पाइप कुठून जाणार ते त्या दोघांना ठरवू द्या.

"तिघंबी खरं बोलतेत," सुमनताई म्हणाल्या. "म्हणून तर तोडगा नाय."

तोवर वस्तीतल्या बाया हंडे घेऊन रस्ता ओलांडत होत्या. वेरूळच्या गाड्या त्या रस्त्यावरून सुसाट जातात. मागच्या महिन्यात सुमनताईंची जाऊ, कांताबाई, हंड्यासकट एका मोटारसायकलखाली आली. हंडा चेपला, पाय मोडला. आम्हाला जेवू घालणारी खानावळ ह्याच बायांच्या बचत गटाची. कांताबाई पायाला प्लास्टर घालून तिथे मेथी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्या सैपाकाचं पाणीबी सकाळधरनं डोक्यावरच आणलंय. पोटभर जेवा, पण हात धुताना जरा इचार करा."

ह्यावर आम्ही चर्चा केली. चर्चा चांगली झाली. ग्रंथालयवाल्यांनी वस्तीत वाचनालय सुचवलं.

मग सत्कार. मराठवाड्यात पाहुण्याला खुर्ची नंतर मिळते, आधी फेटा. गटप्रमुख म्हणून माझ्या डोक्यावर भगवा फेटा, अंगावर शाल, काखेत नारळ. फोटो कुठे काढायचा, तर त्या व्हॉल्व्हपाशी. सुमनताईंनी बजावलं, "नुस्ता हात लावा साहेब, फिरवू नका. पुढं पाइपात लाकडाचा गुट्टा ठोकलाय, तेवढ्यावरच थांबलंय सगळं."

मी ते नीट ऐकलं. पण तांबे मोबाइल धरून म्हणाले, "नुसता हात ठेवलात तर फोटो मेल्यासारखा येतोय. जरा फिरवल्यासारखं करा." आणि डोक्यावर फेटा असलेल्या माणसाला सूचना लागू होत नाहीत, असं त्या वेळी फार आतून वाटतं.

चाक अपेक्षेपेक्षा सहज फिरलं. पाइपाने एक उचकी दिली. गुट्टा तोफेच्या गोळ्यासारखा सुटला, रस्त्यापलीकडे एका शेळीपाशी जाऊन पडला, आणि मागोमाग पाणी. सगळे ओरडले, बंद करा. मी बंद करायला लागलो. कुठल्या बाजूला फिरवायचं ह्याबद्दल माझं एक मत होतं. ते चुकीचं होतं. चाक अडलं म्हणून मी जोर लावला, आत काहीतरी कडकन मोडलं, आणि चाक घेऊन मी मागे बसलो, चिखलात. नारळ वाहून गेला.

उठलो तेव्हा अवतार असा: डोक्यावर फेटा, हातात गोल चाक. शब्बीरभाई बसच्या दारात आडवे उभे राहिले. "साब, मेरी गाडी के स्टीअरिंग कू नक्को हात लगाओ."

कुणीतरी टाकीकडे धावलं, वरचं पाणी बंद व्हायला वेळ लागला. तोवर पाण्याने नव्या डांबराच्या खाली शिरून मुरूम धुवून काढला होता. रस्त्याची कड बसली, मग जरा आणखी बसली, मग बराचसा रस्ताच खाली गेला. कडेचा विजेचा खांब हळूच पुढे झुकला, जणू कोण आलंय म्हणून डोकावून पाहतोय.

तीन जीप

ज्या गावात वर्षभर एक साहेब फिरकला नव्हता, तिथे पाठोपाठ तीन जीप आल्या.

"रस्ता कुणी फोडला?" रस्त्यांचे साहेब.

"व्हॉल्व्ह कुणी तोडला?" पाण्याचे साहेब.

"खांब कुणी वाकवला?" विजेचे साहेब.

आणि तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. फेटेवाला माणूस सत्काराचा असतो, कामाचा नसतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. तिघेही आपापल्या जीपला टेकून, खड्ड्यापासून सारखंच अंतर राखून उभे राहिले आणि वरिष्ठांना फोन करायला लागले. तिन्ही फोन एकच होते. "हो साहेब. ते पण आलेत साहेब. नाही, ते अजून काही बोलले नाहीत. बरं, मग मी पण नाही बोलत."

रस्त्यांच्या साहेबांनी जेसीबी मागवलाच होता. तो मुरुमाच्या ट्रकसकट आला. साहेब म्हणाले, "आधी बुजवून घेऊ, बाकीचं मग पाहू."

सुमनताई खड्ड्याच्या आणि जेसीबीच्या मध्ये गेल्या. "बुजवायचं? साहेब, रस्ता खणलेलाच हाय. लाइन बंदच हाय. खांब तसाबी हलवायचाच हाय आता. पाइपाचा तुकडा तिकडं बाभळीखाली वर्षापास्नं पडलाय. टाका आन मग बुजवा. आज नुस्तं बुजवून गेलात तर परत कवा खणणार?"

"तसं होत नाही ताई."

"का?"

"मी रस्ता खणायला परवानगी दिली, असं होईल."

"मी परवानगीशिवाय पाइप टाकला, असं होईल," पाण्याचे साहेब.

"आणि ह्या दोघांचं ठरायच्या आत मी खांब हलवला, असं होईल," विजेचे साहेब.

जेसीबीवाल्याने सुपडं मुरुमाकडे वळवलं. तेवढ्यात पलीकडून चार बाया प्लास्टिकच्या खुर्चीसकट कांताबाईंना उचलून घेऊन आल्या आणि त्यांना खड्ड्याच्या कडेला ठेवलं. कांताबाईंनी प्लास्टरचा पाय लांब केला आणि मांडीवरची मेथी पुढे निवडायला घेतली. "चालू द्या तुमचं," म्हणाल्या. जेसीबी बंद झाला.

कुणी हलेना. ऊन कलायला लागलं. पलीकडून येसराचा वास येत होता. येसर म्हणजे इकडची लग्नाकार्यातली भाजलेल्या धान्या-मसाल्यांची दाट आमटी; तिचा वास रस्ता ओलांडतो, त्याला परवानगी लागत नाही. माझ्या पोटाने एकट्यानेच आवाज केला. प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "गटप्रमुख, तुम्ही काही बोला ना."

कांताबाईंच्या पायाकडे बघवत नव्हतं आणि भूक लागली होती, एवढंच. मी म्हटलं, "असं झालं म्हणा ना, की सगळं मासळी खात्याने केलं."

तिघे साहेब पहिल्यांदा एकाच दिशेला वळले.

"म्हणजे खरं तेच," मी म्हटलं. "रस्ता मी फोडला. व्हॉल्व्ह मी तोडला. खांब माझ्यामुळे वाकला. तुम्ही तिघांनी मिळून फक्त निस्तरलंत. निस्तरताना पाइप टाकावा लागला, तोही माझ्यामुळेच."

मग रस्त्यांच्या साहेबांनी विचारलं, "मासळी खातं आपल्यापैकी कुणाच्या अखत्यारीत येत नाही ना?"

"नाही," विजेचे साहेब. "मुळीच नाही."

"लेखी द्याल?"

"देतो."

पाण्याचे साहेब जीपपासून सुटे झाले. त्या दिवशी प्रथमच ते रस्त्यांच्या साहेबांशी थेट बोलले. "तुमचा जेसीबी खोल किती जातो हो?"

पुढचं सगळं फार भराभर झालं. अर्धा रस्ता आधी, अर्धा नंतर, असं खणायचं ठरलं. एका बाजूने जेसीबी, मध्ये पाण्याच्या खात्याची माणसं, आणि सुपड्याच्या टोकाने खांब सरळ करून घेणारे विजेचे साहेब. बाभळीखालचा पाइप आला. तिन्ही साहेब खड्ड्याशी उकिडवे बसून एकाच पुडीतली तंबाखू मळायला लागले. काय बोलतात म्हणून मी जवळ गेलो, तर विषय मीच होतो.

"मासळीवाला तो. त्याला काय व्हॉल्व्ह कळणार."

"उलटा फिरवला म्हणे."

"आणि वर जोर लावला."

तिघे पोट धरून हसले. तिथे मला कळलं की तीन खात्यांना एकत्र आणायला चौथं लागतं, ज्याच्यावर तिघांनाही सगळं ढकलता येईल. बाईंच्या नेतृत्वाच्या व्याख्यानात हा मुद्दा नव्हता. पाइपाचं एक टोक धरावं म्हणून मी हात पुढे केला, तर तिघेही एका सुरात म्हणाले, "नको." तीन खात्यांचा तो पहिला एकमताचा निर्णय.

सूर्य लेण्यांच्या डोंगराकडे उतरला तेव्हा वरचं पाणी सोडलं. आम्ही सगळे वस्तीत, त्या हळदकुंकवाच्या नळापाशी. नळ आधी खोकला. मग गढूळ थुंकला. मग एक झुरळ आलं. मग पाणी आलं, आणि येतच राहिलं. कांताबाईंनी खुर्चीतूनच हात पुढे करून धरला आणि तसाच ठेवला. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. एक म्हातारी म्हणाली, "आता त्या चेपल्या हंड्यात तुळस लावावं."

दुपारचं जेवण दिवेलागणीला झालं. तिन्ही साहेब एका पंगतीत, आम्ही समोर. ज्वारीची भाकरी, येसर, मेथी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. आमच्याकडे आमटी पातळ आणि माणसं तिखट. इथे दोन्ही दाट. भात आहे का, हे मी विचारलं नाही. तेवढं शिकलो होतो. हात धुताना मात्र कांताबाईच म्हणाल्या, "आता सावकाश धुवा."

जेवणानंतर पुन्हा सत्कार. तिन्ही साहेबांना फेटे, शाली, नारळ. माझं झालेलंच होतं, पण सुमनताईंनी मलाही पुढे बोलावलं आणि एक गुंडाळलेलं फडकं हातात दिलं. आत ते मोडकं चाक होतं, घासूनपुसून लख्ख. मला भरून आलं. मी म्हटलं, "ताई, पुढच्या वर्षी नळ कसा चाललाय ते बघायला मी नक्की येईन."

सुमनताईंनी आधी नळाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

"साहेब, पाणी तुमच्यामुळं आलं, हे काय खोटं नाय. पर तुमी आपले रत्नागिरीलाच बरे. तिथं समुद्र हाय. कितीबी सांडलं तरी कुणाला कळायचं नाय."